अधिकृत आठवणींचा रकाना सात

१० सप्टेंबर, सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. मागाहून लोक वाट्टेल ते सांगतात.

काम : गावाचा भूतकाळ वाचवणे. मुदत : ३० नोव्हेंबर.

काल शाळेच्या मुख्याध्यापिका रस्त्यात भेटल्या. वय जेमतेम अडतीस, तरी मुख्याध्यापिका. शाळेला शंभर वर्षं पूर्ण होतायत म्हणून जुनी घंटा नव्या इमारतीच्या दारात बसवणार आहेत. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर हातोडा मारायचा. खाली दगडी फलक. वखारीच्या आगीच्या दिवशी ही घंटा कोणी वाजवली ते त्यावर कोरायचंय. तुम्हाला त्यातलं काही माहीत आहे का, असं मला विचारलं.

मला. माहीत आहे का.

सांगितलं, घंटा मीच वाजवली. बाई हसल्या. म्हणाल्या, दगडावर कोरायचं तर एकाच्या सांगण्यावर नको. गावातल्या लोकांच्या आठवणी ऑनलाइन जमवा, सगळ्यांचं जुळलं की तेच कोरू. योग्य आहे. सगळे पुरावे माझ्याच बाजूचे निघणार, तर मला काय हरकत.

निश्चय : रोज एक तास इतिहास, अर्धा तास चालणे. चालणे उद्यापासून.

११ सप्टेंबर

प्रसंगाची मूळ नोंद, पुढच्या पिढ्यांसाठी.

पंचावन्न वर्षांपूर्वीचा रविवार, भर दुपार. लाकडाच्या वखारीला आग लागली. शेजारच्या गल्लीत सतरा घरं, सगळी जेवून आडवी झालेली. सुट्टीचा दिवस असताना शाळेची घंटा वाजायला लागली आणि थांबेचना. लोक दचकून उठले, बाहेर आले, वाचले. घंटा वाजवणारा मुलगा अकरा वर्षांचा होता. सोमवारी हेडमास्तरांनी मला सगळ्या शाळेसमोर पुढे बोलावलं. मधल्या सुट्टीची घंटा द्यायचा मान त्या वर्षी माझ्याकडे होता, तेव्हा दुसरं कोण असणार, असं म्हणाले. पाठ थोपटली, फाउंटन पेन दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काही बोललो नाही. स्वभावच नम्र.

हे त्याच पेनाने लिहितोय. जरा गळतं.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आल्यावर तिने चार मिनिटांत ग्रुप बनवला. मी चाळीस मिनिटं देखरेख केली. ती ‘आठवणीतलं गाव’ नाव द्यायला निघाली होती. त्यात वजन नव्हतं. ‘आपलं गाव : अधिकृत आठवणी’ असं ठेवलं. ॲडमिन : मी.

बायकोला जोडायला बराच वेळ गेला. हिचा फोन अंगठ्याने उघडत नाही. उजव्या अंगठ्याचं नख लहानपणापासून वाकडं आहे, मशीनला ठसा पटत नाही. काय झालं होतं ते विचारायचं राहूनच गेलंय.

खरं तर इतिहासात रस हिला असायला हवा. माझे सासरे शाळेचे शिपाई, हिचं सगळं बालपण शाळेच्या आवारातल्या खोलीत गेलं. पण मी आगीची गोष्ट सुरू केली रे केली की ही चहा टाकायला उठते. लग्नाला चाळीस वर्षं झाली. एकदाही शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

१४ सप्टेंबर, दुपारी

सभासद बावीस. त्यातले नऊ घरचे.

आठवणींचा दर्जा शोचनीय. एकाने लिहिलंय की पाण्याच्या टाकीजवळ एक दुकान होतं, तिथे फार छान वाटायचं. छान वाटायचं ही काय नोंद झाली? कोणाला? केव्हापासून केव्हापर्यंत? खाली एकोणीस जणांनी ‘हो ना’ लिहिलंय. त्यातल्या सहा जणांचा जन्म दुकान पडल्यानंतरचा आहे. मला माहीत आहे, त्यांचे दाखले मी दिलेत.

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस हे उघड्या डोळ्यांनी बघू शकत नाही. माझ्या टेबलावर पूर्ण अर्ज आल्याशिवाय कोणी जन्मलं नाही आणि कोणी मेलं नाही.

१५ सप्टेंबर

उपाय सापडला. अर्ज.

यापुढे आठवण थेट टाकता येणार नाही. ‘आठवण-नोंदणी अर्ज’ ऑनलाइन भरायचा. रकाने बारा. आगीसारख्या महत्त्वाच्या प्रसंगाला दोन साक्षीदार. साक्षीदार ग्रुपचा सभासद हवा. त्याने ‘पाहिले / ऐकले’ यातलं नको ते खोडायचं. रक्ताचे नातेवाईक साक्षीदार म्हणून चालणार नाहीत. पत्नी हे रक्ताचं नातं नाही, हे मुद्दाम तपासून घेतलं.

आणि माझी खास कामगिरी, रकाना सात : ‘त्या वेळी आपण नेमके कुठे होता?’ अर्जदारालाही भरायचा, साक्षीदारालाही. किमान पंधरा शब्द, त्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. थापा मारणारा माणूस सगळं सांगतो, पण आपण कुठे उभे होतो ते त्याला पंधरा शब्दांत सांगता येत नाही. नोकरीत यावर किती जण पकडले.

मुलगी म्हणाली, की बाबा, लोक गप्पा मारायला येतात. म्हटलं, म्हणूनच.

२० सप्टेंबर

अर्ज अकरा. मंजूर शून्य. ‘अपूर्ण, परत’ हे शब्द टाइप करताना जुने दिवस आठवले. अगदी हलकं वाटलं.

चालणे : पायात गोळा आल्यामुळे स्थगित.

२६ सप्टेंबर

फोटोवाला ग्रुप सोडून गेला. हा माझा वर्गमित्र, वडिलांचा स्टुडिओ चालवायचा. बँडस्टँडबद्दलचा त्याचा अर्ज तीनदा परत केला, एवढंच कारण. जाताना सगळ्यांदेखत लिहून गेला, की अर्ज कोणाचा आहे ते बघून निकाल लागतो.

माझ्यावर. पक्षपाताचा आरोप.

तातडीने सुधारणा केली. अर्जदाराचं नाव आता मला दिसणारच नाही, फक्त क्रमांक दिसेल. मंजुरी दिल्यावरच नाव उघडेल. मुलीने तसं सेटिंग करून दिलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना. नक्की. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते ती काय उगाच.

फोटोवाल्याने स्वतःचा ग्रुप काढलाय म्हणे. ‘गाव आणि गप्पा’. नावातच उथळपणा.

२९ सप्टेंबर

‘गाव आणि गप्पा’ : सभासद सहाशे दहा. आम्ही : एकोणीस. गर्दी म्हणजे गुणवत्ता नव्हे.

हीसुद्धा तिकडे सामील झालीय. विचारलं तर म्हणाली, की तिकडे नुसतं वाचता येतं.

३ ऑक्टोबर, सकाळी

फोटोवाल्याने त्याच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. आगीच्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या वडिलांनी काढलेला. शाळेचा व्हरांडा, मधोमध घंटा, भोवती निम्मं गाव. तीन तासांत चारशे लाइक.

इतिहास ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सबब स्क्रीनशॉट घेतला आणि आपल्या ग्रुपवर लावला. दुसऱ्या रांगेत ताठ मानेने उभ्या असलेल्या स्वतःभोवती लाल गोल काढला. डाव्या कोपऱ्यात हाताला भलंमोठं फडकं गुंडाळलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी विनाकारण घुसली होती. विषयाशी संबंध नाही. क्रॉप केली.

हिला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग डावीकडचं काही कापलंय का, असं विचारलं. म्हटलं, रिकामी जागा होती. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी

लाल गोलातला मुलगा वखारवाल्याचा धाकटा आहे, असं चौघांनी कळवलं. पाचवा कळवणारा तो स्वतःच. गोल एक मुलगा पुढे सरकवला.

४ ऑक्टोबर

तोही दुसराच निघाला. गोल काढून टाकला. मी बहुधा फोटो काढणाऱ्याच्या मागे उभा होतो.

९ ऑक्टोबर

साक्षीदार हवेत म्हणून ताईला फोन केला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, परगावी असते. रक्ताचं नातं असल्याने ती चालणार नाही आणि तिच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे सभासदही होता येत नाही. पण नैतिक पाठिंबा म्हणून.

ताई म्हणाली, कसली घंटा, तू तर पलंगाखाली होतास. खिडकीतून धूर दिसल्याबरोबर आत शिरलास. मी पाय धरून ओढत होते आणि तू ट्रंकेची कडी सोडत नव्हतास. बाहेर घंटा सारखी वाजत होती आणि तू मला म्हणत होतास, ताई, ती बंद करायला सांग.

ताई आता बहात्तरची. या वयात प्रसंगांची सरमिसळ होते. मी शांतपणे विषय बदलला.

ट्रंकेच्या कडीचा गंजका वास मात्र एकदम नाकात आला. सर्वसाधारण बालपणाची आठवण. आगीशी संबंध नाही.

१२ ऑक्टोबर

दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरना भेटलो. वय चौऱ्याऐंशी, कान तल्लख. घंटा आठवते का, विचारलं. म्हणाले, आठवते म्हणजे काय, औषधाच्या बाटल्या भरत होतो, हातातली बाटली सांडली. वाजवणारा कोण ते आठवतं का, असं जरा मदत होईल अशा बेताने विचारलं. म्हणाले, न आठवायला काय झालं, वाजवून झाल्यावर आधी माझ्याकडेच आणलं होतं. मग हसले आणि थंडीत बायकोचा अंगठा अजून दुखतो का, असं मला विचारलं.

म्हातारपण. एका विषयावर टिकत नाहीत.

१४ ऑक्टोबर

माझा स्वतःचा अर्ज भरला. क्रमांक २८. रकाना सातमध्ये पंधरा नाही, एकशे बारा शब्द.

हिला साक्षीदार हो म्हटलं. म्हणाली, मग मलाही रकाना सात भरावा लागेल. म्हटलं, भर की. ती चहा टाकायला गेली.

घरातूनच असा थंडा प्रतिसाद.

१९ ऑक्टोबर, सकाळी ११

फलकाचा मजकूर तयार. चारच ओळी, पण काय ओळी आहेत.

‘या घंटेने एका दुपारी सतरा घरं वाचवली. शाळेचा शिपाई कामावर झोपला होता. अकरा वर्षांच्या एका धाडसी विद्यार्थ्याने हातोडा उचलला.’ पुढे माझं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं.

दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. कोणीतरी झोपलेलं असल्याशिवाय जागा असलेला उठून दिसत नाही. शिपाई म्हणजे माझे सासरेच, पण इतिहासात नातीगोती बघायची नसतात. त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली.

हिला वाचून दाखवलं. आज चहा टाकायला उठली नाही. दुसरं वाक्य परत वाचा म्हणाली. वाचलं. तुम्ही बघितलं होतं का बाबांना झोपलेलं, असं विचारलं. म्हटलं, जागे असते तर घंटा त्यांनीच नसती का वाजवली?

मजकूर मुख्याध्यापिकांना पाठवला, ग्रुपवरही टाकला. लाइक दोन. एक माझा.

२१ ऑक्टोबर

अर्ज क्र. ३१ आला. एकच ओळ : ‘फलकातलं दुसरं वाक्य खोटं आहे, ते काढावं.’

ही आठवण नसून तक्रार आहे. योग्य नमुन्यात यावे. अपूर्ण, परत.

२३ ऑक्टोबर

क्र. ३१ पुन्हा. या वेळी नमुन्यात. म्हणणं असं, की त्या दुपारी शिपाई झोपले नव्हते. त्यांच्या पत्नीला दोन दिवस ताप होता, औषधासाठी ते दवाखान्याच्या रांगेत उभे होते. हातोडा खोलीत खिळ्याला होता.

साक्षीदार नाही, रकाना सात कोरा. अपूर्ण, परत.

हिने आज विचारलं, साक्षीदाराने सही कशी करायची असते. भाचीच्या घराचे कागद चाललेत, त्यासाठी असणार. सविस्तर समजावलं. हल्ली माझा जुना चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी फोनवर टाइप करत बसते. डाव्या हाताच्या एका बोटाने. भाचीशीच चॅट असेल.

२७ ऑक्टोबर

क्र. ३१ तिसऱ्यांदा. मान्य करावं लागेल, अर्जदार चिवट आहे. एक साक्षीदार जोडलाय : दवाखान्यातले कंपाउंडर. ते परवाच सभासद झाले. शिपाई त्या वेळी दवाखान्याच्या रांगेत तिसरे होते, हे त्यांनी पाहिलंय. ‘ऐकले’ व्यवस्थित खोडलंय.

या वेळी अर्जात एक वाक्य जास्त आहे. घंटा अर्जदाराने स्वतः वाजवली, म्हणे.

वाचून हसू आलं. काय एकेक लोक असतात. रकाना सात : ‘घंटेजवळ.’ बस, एक शब्द. सिस्टिमने तो पुढे सरकवलाच कसा, मुलीला विचारलं. म्हणाली, शब्दमर्यादा चालू करायची राहिली होती, आत्ता केली.

किमान पंधरा शब्द आवश्यक. अपूर्ण, परत. सोबत शेरा मारला : ‘कपोलकल्पित वाटते.’

५ नोव्हेंबर

आठ दिवस क्र. ३१ गप्प. रकाना सातने आणखी एक गडी बाद केला.

फोटोवाल्याकडे नऊशे चाळीस सभासद. दुकानाबद्दलची ती ‘छान वाटायचं’ पोस्ट आता तिकडे गेलीय आणि अजून चालूच आहे. दुकान कोणाचं होतं, तिथे कोण कामाला होतं, फळ्यांचा रंग कोणता होता, सगळं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं. कोणीतरी दुकानाचं चित्रसुद्धा काढलं. एकाही माणसाने अर्ज भरलेला नाही. अराजक.

६ नोव्हेंबर, दुपारी ४

क्र. ३१, चौथ्यांदा. रकाना सात जसाच्या तसा उतरवून ठेवतो :

‘शाळेच्या व्हरांड्यात, घंटेखाली, पालथ्या बादलीवर उभी. हात पोचत नव्हता. हातोडा दोन्ही हातांत धरला होता. तो निसटून उजव्या अंगठ्यावर पडला. परत उचलला आणि लोक गल्लीतून बाहेर येताना दिसेपर्यंत मारत राहिले.’

शब्द पंधराहून कितीतरी जास्त.

६ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

अंगठा.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी

उजवा अंगठा गावात कितीतरी जणांचा वाकडा असू शकतो. घाईने निष्कर्ष काढणं हे नोंदणी खात्याच्या शिस्तीत बसत नाही.

मूळ फोटो, क्रॉप न केलेला, पुन्हा बघितला. डावा कोपरा मोठा करून. मग फोन बंद केला.

जेवताना ही नेहमीसारखीच होती. मीठ कमी आहे का, विचारलं. मी ताटाकडे बघत नाही म्हटलं.

८ नोव्हेंबर

शक्यता : घंटा दोघांनी वाजवली असेल. आधी तिने, मग मी. किंवा आधी मी. ती नऊ वर्षांची होती, किती वेळ वाजवणार?

हे लिहून पाहिलं. तिथे बादली एकच होती.

१३ नोव्हेंबर

पर्याय :

ग्रुप बंद करणे. कारण, तांत्रिक अडचण.

ॲडमिनपद मुलीकडे देणे. कारण, प्रकृती.

क्र. ३१ ला दुसरा साक्षीदार आणायला सांगणे. नियमच आहे. ताई चालत नाही, कंपाउंडर वापरून झाले. पंचावन्न वर्षांनी दुसरा आणणार कुठून?

तिसरा पर्याय निवडला. अपूर्ण, परत. हे टाइप करताना हलकं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर ते २४ नोव्हेंबर

सर्दी. नोंद नाही.

२५ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकांचा फोन. दगडवाला खोळंबलाय. मंजूर झालेली आठवण कोणती, विचारलं. सांगितलं की दोन अर्ज विचाराधीन आहेत. एकाला साक्षीदार शून्य, एकाला एक. बाई म्हणाल्या, की ३० तारखेपर्यंत ठरलं नाही तर तुम्ही आधी पाठवलेला मजकूरच कोरायला देते, कोणी हरकत घेतलेली दिसत नाही.

म्हणजे काहीही न करता सगळं माझ्या मनासारखं होणार. फक्त पाच दिवस गप्प बसायचं. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. अकराव्या वर्षापासूनचा सराव आहे.

दुपारी झोप लागली नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळी १०

शेवटी विचारलं. भाजी निवडत होती. म्हटलं, क्रमांक एकतीस तूच का? म्हणाली, एवढे दिवस लागले तुम्हाला?

मग विचारलं, की कधी बोलली का नाहीस. जे म्हणाली ते असं. शिपायाने न सांगता शाळा सोडून जायचं नाही असा नियम होता. आईचा ताप वाढला म्हणून बाबा गेले. हे कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि खोलीही. म्हणून त्यांनीच सांगितलं, की अंगठा दारात सापडला असं सांग. सोमवारी हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं तेव्हा ती पाचव्या रांगेत उभी होती. तिला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. मी पेन घेतलं. घरी गेल्यावर बाबा म्हणाले, सुटलो.

पुढे लग्नाचं बोलायला मी त्यांच्या घरी गेलो आणि तिच्या वडिलांना हीच गोष्ट अर्धा तास सांगितली. त्यांनी मान डोलावत सगळी ऐकली. ती तेव्हा पहिल्यांदा चहा टाकायला उठली होती.

मी विचारलं, की तरी हो का म्हणालीस. म्हणाली, बाकी काही वाईट नव्हतं.

घंटा तुम्हीच ठेवा, म्हणाली. पंचावन्न वर्षं ठेवलीच आहे. नाव माझं नको, फोटो नको. पण बाबा झोपले नव्हते. ते वाक्य दगडावर आलं तर मी त्या दारातून कधी जाणार नाही. हे बोलताना भाजी निवडायची थांबली होती.

२८ नोव्हेंबर, दुपारी

पेन तिला द्यायला गेलो. खरं तिचंच. म्हणाली, मला नको, गळतं ते. तुमच्या खिशाचे डाग चाळीस वर्षं मीच काढतेय.

३० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

नुसतं वाक्य काढलं असतं तर काम भागलं असतं. तीही तेवढंच मागत होती. पण मग उरलेल्या तीन ओळी तशाच राहतात आणि त्या दारावरून मला रोज जावं लागलं असतं. शाळेवरूनच बाजाराचा रस्ता आहे.

अर्ज क्र. ३१. दुसरा साक्षीदार हवा. तेव्हा गावात असलेला, सभासद असलेला, रक्ताचं नातं नसलेला. पती हे रक्ताचं नातं नाही. आधीच तपासलेलं आहे.

ही शेजारी बसली होती, माझा जुना चष्मा लावून.

‘पाहिले / ऐकले’. ‘पाहिले’ खोडलं.

रकाना सात : ‘पलंगाखाली.’ सिस्टिमने परत केला. किमान पंधरा शब्द आवश्यक. ही म्हणाली, नियम आहे, भरा. मग मी एकेक शब्द टाइप करत गेलो आणि ती बोटांवर मोजत गेली :

‘घरी, पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला, ट्रंकेची कडी घट्ट धरून. दोन्ही कान खांद्यांत दाबले होते. तरी घंटा शेवटपर्यंत ऐकू येत होती.’

जास्तच झाले, ती म्हणाली. म्हटलं, असू देत.

अर्ज क्र. ३१ : मंजूर. ग्रुपची ही पहिलीच मंजुरी. नाव उघडलं. अर्ज क्र. २८ : अर्जदाराने मागे घेतला. मुख्याध्यापिकांना नवीन मजकूर पाठवला, शिपायाच्या मुलीच्या नावासकट. तिने नको नको म्हटलं, तरी पाठवला. शिपाई त्या वेळी आजारी पत्नीसाठी औषध आणायला गेले होते, तेही घातलं. बाईंचं लगेच उत्तर आलं, की वा, हे तर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग हिला म्हटलं, आता तू सांग, पहिल्यापासून. तिने सुरुवात केली. पालथी बादली कोणाची होती इथपासून. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आग वखारीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तिथे मला ते बसून ऐकवेना आणि मी चहा टाकायला उठलो. साखर कुठे ठेवतात ते मात्र तिला विचारावं लागलं.